परक्या घरातील पहिली रात्र

दिवसाची दया आणि रात्रीची दया यांत मोठे अंतर आहे. दिवसा मनुष्य जे सत्कृत्य करितो त्यास चार साक्षीदार असतात, त्याचे कौतुक होते आणि त्यासाठी त्यास फारसे काही सोडावेही लागत नाही. थंडीच्या दिवसांत रात्री दोन वाजता अंगावरचे पांघरूण बाजूस सारून ज्यास उठावे लागते, त्याची दया मात्र खरोखरीच कसास लागते. गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी असा एक प्रसंग आला. प्रसंग तसा क्षुल्लक होता; परंतु क्षुल्लक प्रसंगांतूनही कधी कधी असा प्रश्न उभा राहतो की, तो टाळून पुढे जाणे मनास रुचत नाही. म्हणून तो वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

आम्ही नाशिकच्या इंदिरानगर भागात राहतो. आमच्या इमारतीजवळ एका नव्या घराचे बांधकाम चालू आहे. तेथील जिन्याखाली एका गावठी कुत्रीने चार पिल्ले घातली होती. एके दिवशी ती कुत्री महामार्गावर वाहनाखाली सापडली. तीन पिल्ले कोणी कोणी नेली. चौथे, सर्वांत लहान आणि अंगाने किरकोळ असे मादी पिल्लू, आमच्या कन्येने ओढणीत गुंडाळून घरी आणिले. पशुवैद्यांनी त्याचे वय आठ-नऊ आठवड्यांचे असावे असे सांगितले, जंताचे औषध दिले आणि लसींच्या तारखा लिहून दिल्या. कन्येने तिचे नाव ‘ठकी’ ठेविले. दिवसभर ठकीने सर्वांचे मन रमविले. खरा प्रश्न उभा राहिला तो रात्री दिवे मालविल्यावर.

माझे एक स्नेही शिस्तीचे मोठे भोक्ते आहेत. त्यांनी सायंकाळीच मला बजावून ठेविले होते, “पहिल्या रात्री ती रडेल. तुम्ही मुळीच जाऊ नका. एकदा गेलात की संपलं. मग ती तुम्हांला जन्मभर नाचवील. रडून रडून आपोआप गप्प होईल.” उपदेश व्यवहारी वाटला. माझ्या सोयीचाही होता, हे आता कबूल केले पाहिजे. मी स्वयंपाकघरामागील सज्जात एक पोते अंथरिले, दुधाची वाटी ठेविली आणि दार लावून घेतले. ठकी रडू लागली. प्रथम ते कण्हणे होते. मग त्याच्या किंकाळ्या झाल्या. मग पुन्हा कण्हणे. कन्या दोनदा उठली. दोन्ही वेळां मी तिला परत पाठविले. सुमारे अडीच वाजता आवाज थांबला, आणि स्नेह्यांचा उपदेश किती यथार्थ होता असे मनाशी म्हणत मी समाधानाने कूस बदलिली.

सकाळी दार उघडिले तो ठकी भिंतीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. पोते ओले झाले होते, दुधास तोंड लागले नव्हते. ती जागीच होती. परंतु आदल्या दिवशी हाकेसरशी धावत येणारी ती आता हाक मारूनही हलेना. इतक्यात माझी आई मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “रात्रभर हाका मारीत होती ती. तुला ऐकू आल्या नाहीत का रे?”

मी म्हटले, “ऐकू आल्या गं आई. पण मुद्दामच गेलो नाही.”

“मुद्दाम?” आई एवढेच म्हणाली, आणि पिल्लू उचलून देवघरापाशी उन्हात जाऊन बसली.

त्या एका शब्दाने माझा सारा दिवस खाल्ला. ज्याने हाक ऐकिली नाही त्याचा दोष नाही. ज्याने ऐकिली पण जो जाऊ शकला नाही, तोही क्षम्य आहे. परंतु ज्याने ऐकिली, ज्यास जाता येत होते, आणि जो मुद्दाम गेला नाही, त्याने आपल्या कृत्याचे समर्थन केले पाहिजे. ते समर्थन मजपाशी होते काय? होते; आणि ते दिसते तितके पोकळही नाही. म्हणून प्रथम त्याचाच विचार करू.

शिस्तीच्या बाजूचे म्हणणे असे की, जीवमात्र सवयीने घडतो. रडण्यास फळ मिळाले की रडणे वाढते. फळ मिळाले नाही की ते आपोआप सुटते. हे मत कुत्र्यांपुरतेच नाही. अमेरिकेतील जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली बालसंगोपनावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने आईबापांस असा सल्ला दिला की, मुलांस कवटाळू नये, त्यांचे मुके घेऊ नयेत. फार तर सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करावे. एक पिढी या उपदेशाखाली वाढली. पुढे १९५८ साली हॅरी हार्लो याने माकडांच्या पिल्लांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आईपासून तोडलेल्या पिल्लांपुढे त्याने दोन बाहुल्या ठेविल्या होत्या: एक उघड्या तारेची, दुसरी मऊ कापडाची. दूध तारेच्या बाहुलीकडून मिळत असतांही पिल्ले आपला बहुतेक वेळ कापडाच्या बाहुलीस बिलगून काढीत. त्या प्रयोगांत निष्पाप जीवांचे जे हाल झाले त्यांचे समर्थन करणे कठीण आहे. तथापि त्यांतून निघालेले सत्य नाकारता येत नाही. पोट भरणे ही एक गरज आणि कुशीत असणे ही दुसरी. पहिलीची पूर्ती झाली म्हणजे दुसरी मिटत नाही. ठकीपुढे दुधाची वाटी ठेवून मी दार लाविले तेव्हा तारेची बाहुलीच मांडून बसलो होतो.

आता त्या पिल्लाच्या बाजूने पाहू. कुत्र्याची पिल्ले जन्मतःच अंध असतात. त्यांचे डोळे सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात. तोवर आणि त्यानंतरही ती एकमेकांच्या अंगावर ढीग करून निजतात. कुत्र्याच्या अंगाची ऊब माणसाहून अधिक, सुमारे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट, असते. त्या उबेत, आईच्या वासात आणि भावंडांच्या श्वासांत त्यांची झोप लागते. एकटे झोपणे म्हणजे काय हे त्यांस ठाऊकच नसते. निसर्गात एकटे पडलेले पिल्लू बहुधा मरावयाचे. यास्तव एकटे पडताच मोठ्याने रडणे ही त्याची जगण्याची विद्या आहे. शिवाय दोन महिन्यांच्या पिल्लास लघवी रात्रभर धरिता येत नाही. तेव्हा त्याच्या रडण्यात हट्ट किती आणि खरी निकड किती, हे दाराआडून ठरविणारा मी कोण?

आणि ते अडीच वाजता गप्प झाले, त्याचा अर्थ काय? येथेच माझ्या स्नेह्यांच्या युक्तिवादातील वैगुण्य मला दिसू लागले. मौनाची कारणे दोन असतात. हाक ऐकिली गेली म्हणून मनुष्य गप्प होतो, आणि हाक ऐकणारे कोणी नाही अशी खात्री पटली म्हणूनही गप्प होतो. बाहेरून दोन्ही मौने सारखीच दिसतात. घरच्यांची झोप दोहोंतही सारखीच लागते. परंतु पहिल्यात विश्वास असतो आणि दुसऱ्यात निराशा. शांत होणे आणि गप्प बसणे हे दोन शब्द आपल्या भाषेने वेगळे ठेविले आहेत ते उगाच नव्हे. मी ठकीस शांत केले नव्हते. गप्प बसविले होते.

येथे कोणी असे विचारील की, एका कुत्र्याच्या पिल्लासाठी एवढे नीतिशास्त्र कशाला? त्यास माझे उत्तर असे की, आपल्या परंपरेत हा प्रश्न अगदी जुना आहे. आश्चर्याची गोष्ट म्हणजे महाभारताच्या आरंभाजवळही एक कुत्र्याचे पिल्लू आहे आणि शेवटाजवळही एक कुत्रा आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राजवळ सरमेचा पुत्र येतो. त्याने हविष्याकडे पाहिलेही नव्हते, मग चाटणे दूरच. तरी जनमेजयाचे तीन भाऊ त्यास मारितात. ते रडत आईकडे जाते. सरमा येऊन विचारते, माझ्या मुलाचा अपराध काय? त्यावर ते राजपुत्र काहीच उत्तर देत नाहीत. तेव्हा ती म्हणते की, निरपराध्यास मारिलेत, म्हणून तुम्हांवर न दिसणारे भय येईल. महाप्रास्थानिक पर्वात धर्मराज एकटा उरतो, बरोबर फक्त कुत्रा. इंद्र रथात बसावयास सांगतो, परंतु कुत्र्यास सोडून. धर्मराज नाकारितो. इंद्र त्यास टोचून विचारितो की, भाऊ आणि द्रौपदी यांस वाटेत सोडिलेस, मग या कुत्र्यास सोडण्यात काय अडचण? धर्मराजाचे उत्तर मार्मिक आहे. मेलेल्यांस परत आणणे माझ्या हाती नव्हते, आणि ती जिवंत असता मी त्यांस सोडिले नाही. हा जिवंत आहे आणि माझ्या आश्रयास आहे, असा त्याचा आशय. आश्रितास टाकणे तो महापातकांच्या पंक्तीस बसवितो.

धर्मराजाच्या आणि माझ्या स्थितीत मात्र एक भेद आहे, आणि तो मला अधिक दोषी ठरवितो. तो कुत्रा आपण होऊन धर्मराजाच्या मागे आला होता. ठकी आपण होऊन आमच्या घरी आली नव्हती. आम्ही तिला आणिले. तिला कोणी विचारले नाही, तिची संमती घेतली नाही. आमचा हेतू चांगला होता हे खरे. जिन्याखाली ती बहुधा जगली नसती, हेही खरे. परंतु चांगल्या हेतूने का होईना, ज्याचे पूर्वीचे सारे जग आपण काढून घेतो त्यास नवे जग देण्याचे ऋण आपल्या शिरी येते. दुधाच्या वाटीने ते फिटत नाही.

मनुष्याने हे ऋण फार प्राचीन काळी ओळखिले होते. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दोन माणसांच्या सांगाड्यांबरोबर पुरलेल्या कुत्र्याच्या अस्थी सापडल्या. त्यांस सुमारे चौदा हजार वर्षे झाली. २०१८ साली संशोधकांनी त्या तपासून असे अनुमान प्रसिद्ध केले की, ते सुमारे सात महिन्यांचे पिल्लू मरणापूर्वी कित्येक आठवडे डिस्टेंपर या रोगाने आजारी होते, आणि माणसांनी शुश्रूषा केली नसती तर तितके दिवसही जगते ना. शेती नव्हती, गाव नव्हते, पुढच्या दिवसाच्या अन्नाची शाश्वती नव्हती. अशा काळी शिकारीस निरुपयोगी झालेल्या एका पिल्लासाठी कोणीतरी रात्री जागले होते. त्या अज्ञात मनुष्याच्या मानाने माझी थंडी आणि माझी झोप यांची काय मातब्बरी!

आमच्या कायद्यातही या कर्तव्याची नोंद आहे. प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा पाळलेल्या प्राण्यास भूक-तहान सोसावी लागेल अशा स्थितीत टाकून देणे हा अपराध मानितो. पहिल्या वेळेस त्याने दंड ठरविला तो दहा ते पन्नास रुपयांचा. कायदा किंमत लावू शकतो ती टाकून देण्याची. घरात ठेवून एकटे पाडण्यास दंड नाही, आणि असूही शकत नाही. तो प्रांत केवळ सदसद्विवेकाचा आहे.

दुसऱ्या रात्रीचा निकाल मात्र माझ्या तर्कशास्त्राने लागला नाही. तो आईने लाविला. जेवणे झाल्यावर ती म्हणाली, “अरे, पोर सासरी जाते तेव्हा बरोबर पाठराखीण धाडतात, ती कशाला? कामाला नाही. नुसती जवळ असावी म्हणून. हिला पाठराखीण कोण?” हा दाखला मला कोणत्याही पुस्तकात मिळाला नसता. आपल्या पूर्वजांनी स्त्रियांच्या बाबतीत पुष्कळ कठोरपणा केला. परंतु परक्या घरातील पहिल्या रात्री मुलीस एकटी ठेवू नये, एवढी गोष्ट त्यांस उमजली होती. पाठराखीण जन्मभर राहत नाही. चार-आठ दिवसांनी ती परत जाते. नवे घर थोडेसे ओळखीचे होईपर्यंतच तिचे काम. शिस्त आणि माया यांचा जो वाद मी दिवसभर मनात घालीत होतो त्याचा उलगडा या एका चालीत होता.

मग आम्ही त्याप्रमाणे केले. त्या जिन्याखाली ज्या गोणपाटावर पिल्ले निजत असत त्याचा एक तुकडा कन्येने शोधून आणिला. त्यास आईचा आणि भावंडांचा वास होता. एका लहान खोक्यात तो घालून वर आईचे जुने लुगडे अंथरिले. बाटलीत कोमट पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून एका बाजूस ठेविली; पिल्लास ती नकोशी झाली तर सरकण्यास दुसरी बाजू मोकळी ठेविली. खोके आईच्या खाटेशेजारी, हात खाली सोडिला की लागेल इतक्या अंतरावर. निजण्यापूर्वी तिला अंगणात फिरवून आणिले. रात्री ती कण्हली की आई हात खाली सोडी. हात हुंगून ती पुन्हा निजे. कण्हणे थांबले नाही तर लघवीची निकड समजून मी तिला बाहेर नेई, आणि तेथे न बोलता, न खेळता परत आणून ठेवी. कारण रात्र ही खेळण्याची वेळ नव्हे हे तिला कळणे अवश्य होते. पहिल्या रात्री मी तीनदा उठलो, चौथ्या रात्री एकदा. दिवसा आम्ही तिला दोन-चार मिनिटे एकटी ठेवीत असू, मग दहा, मग अर्धा तास. आणि दर वेळी परत येत असू. जाणारा परत येतो, हा धडा रडवून शिकविता येत नाही. परत येऊनच शिकवावा लागतो. तीन आठवड्यांनी खोके खाटेपासून हातभर दूर गेले, पुढे दारापाशी.

माझ्या स्नेह्यांचे भाकीत होते की ती आम्हांस जन्मभर नाचवील. तसे झाले नाही. परंतु तसे झाले असते तर माझा पक्ष खोटा ठरला असता काय, हेही मी मनाशी तपासून पाहिले. प्रत्येक हाकेस धावणे म्हणजे दया नव्हे, हे मला मान्य आहे. ज्यास क्षणभरही एकटे राहता येत नाही असा जीव घडविणे हाही त्यावर अन्यायच, आणि शेजाऱ्यांच्या झोपेचेही आपण काही देणे लागतो. शिस्त हवीच. परंतु शिस्तीची पायरी विश्वासानंतरची आहे. ज्यास येथे आपले कोणी आहे असे ठाऊक आहे, त्यासच एकटे राहण्याचे शिकविता येते. ज्यास ते ठाऊक नाही तो एकटा राहावयास शिकत नाही, एकटा पडावयास शिकतो.

आणखी एक आक्षेप मला अधिक बोचला. रस्त्यावर असंख्य कुत्री थंडीत कुडकुडतात, माणसेही उघड्यावर निजतात. मग एकाच पिल्लासाठी ही कोमट पाण्याची बाटली म्हणजे ढोंग नव्हे काय? यास पूर्ण उत्तर मजजवळ नाही. इतकेच म्हणता येते की, सर्वांचे दुःख निवारिता येत नाही ही गोष्ट, जे एक दुःख मी स्वतः निर्माण केले ते निवारण्यापासून मला सुटका देत नाही. आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांत एक लेख आहे. गौतमी बलश्री या वृद्ध राजमातेने आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण तेथे कोरविले. त्याच्या विजयांची यादी मोठी आहे. परंतु त्याच लेखात ती म्हणते की, तो नगरजनांच्या सुखदुःखांशी समरस होता आणि अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची त्यास आवड नव्हती. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या एका मातेस मुलाविषयी सांगावेसे वाटले त्यात हेही होते. माझ्या आईस माझ्याविषयी काय सांगावेसे वाटेल, हा विचार तो लेख आठवताच मनात आल्यावाचून राहिला नाही.

त्याचे उत्तर मला लवकरच मिळाले. माझे वडील निवर्तल्यावर दोन वर्षांपूर्वी मी आईस सिन्नर तालुक्यातील आमच्या गावाहून येथे आणिले. गावचा वाडा बंद केला, गाय दिली, तुळशीवृंदावन तेथेच राहिले. तिला वेगळी खोली दिली, नवी खाट दिली, औषधे वेळेवर आणून दिली. पहिले काही दिवस ती रात्री उठून घरात फिरे, कोणाच्या तरी नावाने हाक मारी. मी सौभाग्यवतीस म्हणालो होतो, “चार दिवसांत सवय होईल.” खरोखरीच ती पुढे हाक मारीनाशी झाली, आणि मी ती गोष्ट विसरून गेलो.

एका रात्री ठकीस बाहेरून आणून खोक्यात ठेविले, तो आई जागी होती. मी सहज म्हटले, “हिला आता इथली सवय झाली, नाही?”

आई म्हणाली, “हिला झाली. मला काय झाली होती? हाक मारायची सोडली, एवढंच.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. असती तर मला बरे वाटले असते. मी खाटेच्या कडेस बसलो. दोन वर्षांपूर्वी ज्या रात्री बसावयास हवे होते त्या रात्री बसलो नाही, हे मनात होते. ते बोलून दाखविण्याचे धैर्य झाले नाही. तिने गावाकडच्या कोणाकोणाची चौकशी केली. मला जितकी माहिती होती तितकी सांगितली. अर्ध्या तासाने तिला झोप लागली.

आता रात्री जेवण झाल्यावर मी तिच्या खोलीत जाऊन बसतो. महिन्यातून एकदा आम्ही सिन्नरकडे जातो; वाड्याचे दार उघडून ती अंगण झाडते, आणि येताना तेथील तुळशीचे रोप तिने आणिले आहे. हे सारे उशिरा झाले. परंतु ज्यांस आपण आपल्या सोयीने एका घरातून उचलून दुसऱ्या घरात आणितो, ती वृद्ध माणसे असोत, नव्या सुना असोत, वसतिगृहात धाडलेली मुले असोत की जिन्याखालचे एखादे पिल्लू असो, त्यांच्या गप्प होण्यास त्यांचे सुख समजू नये, एवढे मी शिकलो आहे. घर शांत झाले म्हणजे कोणी एकदा उठून जाऊन पाहावे.